चढाचं कौतुक पुरे

पुण्यात डोंगरात पळणारं कोणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सिंहगड किती मिनिटांत?" म्हणजे आतकरवाडीच्या पायथ्यापासून वर पुणे दरवाजापर्यंत. पस्तीस म्हणणारा पुढच्या प्रश्नाची वाट बघत उभा राहतो. पन्नास म्हणणारा "आज वाटेत गर्दी फार होती हो" अशी पुस्ती जोडतो. आणि माझ्यासारखी, तासाच्या अलीकडे-पलीकडे रेंगाळणारी बाई विषय पिठलं-भाकरीवर नेते. खाली यायला किती वेळ लागला, हे मात्र मला आजवर कोणी विचारलेलं नाही. वर पोचलेल्या माणसाला जणू हेलिकॉप्टरनं उचलून आणतात.

माझं म्हणणं असं आहे की डोंगरातल्या शर्यतीत चढावर फार तर उशीर होतो. वाट लागते ती उतारावर. आणि तीसुद्धा पहिल्या उतारावर नाही, शेवटच्या.

डिसेंबरात एसआरटी अल्ट्रा आहे. सिंहगड, राजगड, तोरणा, तिन्ही किल्ले एका दमात (म्हणजे एका दिवसात, दम बरेच लागतात). मी पन्नास किलोमीटरच्या गटात नाव घातलंय. तोरणा समुद्रसपाटीपासून १,४०० मीटरच्या वर, राजगड त्याच्याहून थोडा बुटका, सिंहगड १,३०० च्या घरात. रेसच्या चढउतारांचा आलेख हातात आला की ग्रुपवर सगळे त्यातली टोकं बघून "बाप रे" करतात. मी पेन्सिल घेऊन त्या टोकांच्या उजवीकडच्या, खाली कोसळणाऱ्या रेघा बघत बसते.

कारण साधं आहे. चढताना मांडीचा स्नायू आखडत आखडत काम करतो. ते त्याचं रोजचं काम, जिना चढताना करतो तसलंच. उतरताना मात्र गुडघा वाकत असतो, मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतो आणि लांबत असतानाच त्याला आपलं सगळं वजन पेलून धरायचं असतं. या ओढाताणीत त्यातले धागे बारीक बारीक तुटतात. दम लागत नाही, म्हणून तेव्हा कळत नाही. छाती मोकळी, नाडी खाली आलेली, गप्पा मारता येतील इतका श्वास, आणि तिकडे मांड्यांचं दिवाळं निघत असतं. हिशेब हातात पडतो तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, खाली बसताना. किंवा त्याच दिवशी, पुढे अजून दोन किल्ले असतील तर.

खंबाटकी उतरताना शहाणा ट्रकवाला गाडी खालच्या गिअरमध्ये टाकतो, ब्रेकवर पाय ठेवून बसत नाही. आम्ही बहुतेक जण सगळा घाट ब्रेकवर उतरतो. टाच रोवायची, गुडघा ताठ, कंबर मागे, दर पावलाला करकचून थांबायचं आणि पुन्हा सुटायचं. ट्रकचे लायनर जळतात तेव्हा निदान वास तरी येतो.

यावर औषध उतरणं हेच. मांड्यांनी एकदा असा मार खाल्ला आणि त्या भरून आल्या की पुढचे काही आठवडे तेवढ्याच मारानं त्यांना तितकी इजा होत नाही. म्हणजे मार खायचाच, फक्त मुहूर्त साधून. शर्यतीच्या फार जवळ खाल्ला तर दुखऱ्या पायांनी उभं राहावं लागतं. फार आधी खाल्ला तर पाय विसरून जातात. म्हणून नोव्हेंबरातला हा रविवार मी भिंतीवरच्या कालनिर्णयवर, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी, गोल करून ठेवला होता. त्याच दिवशी नात्यात एक बारसं निघालं. आहेर पाठवला.

बेत असा होता: जुन्या कात्रज बोगद्यापासून धारेनं सिंहगड, गडावरून आतकरवाडीला उतरायचं, परत चढायचं आणि परत उतरायचं. सगळं मिळून तीस किलोमीटरच्या आसपास. सोबतीला बहिणीचा मुलगा. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, नऱ्ह्याला राहतो, फुटबॉल खेळतो आणि हरणासारखा चढतो. तोही डिसेंबरात आहे, छोट्या गटात. त्याला मी बेत सांगितला तेव्हा तो म्हणाला, "मावशी, दुसऱ्यांदा गड कशाला चढायचा?" म्हटलं, "दुसऱ्यांदा उतरायला." त्याला वाटलं मी गंमत करतेय.

पहाटे चारच्या आत नवऱ्यानं आम्हाला बोगद्यापाशी सोडलं. "फोन कर," म्हणाला आणि जांभई पुरी व्हायच्या आत गाडी वळवली. वाघजाईला हात जोडले आणि चढाला लागलो.

ही कात्रज-सिंहगडची धार पुण्यातल्या ट्रेकवाल्यांना पाठ आहे. टेकड्या किती, यावर एकमत नाही. तेरा म्हणतात, सोळा म्हणतात, दमलेला माणूस वीस मोजतो. उजव्या हाताला सगळं पुणे लखलखत असतं, डाव्या हाताला खेड-शिवापूरच्या बाजूनं जाणारा हायवे. समोर सिंहगडावरच्या टॉवरचे लाल दिवे. पहिल्या टेकडीवरून ते जितके लांब दिसतात, तितकेच लांब पाचव्या टेकडीवरूनही दिसतात. त्या दिव्यांकडे बघायचं नाही, हा माझा नियम.

शनिवारची रात्र असल्यामुळे धारेवर नाईट ट्रेकची मंडळी होतीच. पाठीवर एकच बॅग तिघांत, पायांत कॉलेजचे सपाट तळाचे बूट आणि एकाच्या खांद्यावर स्पीकर. डोंगरात स्पीकर आणणाऱ्या माणसाविषयी माझी मतं इथे लिहिण्यासारखी नाहीत. एका मुलीनं विचारलं, "दीदी, और कितनी टेकडियाँ?" मी म्हटलं, "दो." डोंगरात हे खोटं सगळेच बोलतात, मलाही बोललेले आहेत.

या धारेचं मला आवडतं ते असं की ती उतारांनी भरलेली आहे. प्रत्येक टेकडी चढलात की लगेच खिंडीत उतरायचं. उतार आखूड पण उभा, आणि त्यावर घसारा. सह्याद्रीचा दगड बसाल्ट. त्याचे काही थर कठीण, काही मऊ. मऊ थर कुजून मुरूम होतो, पावसाळ्यात चिखलाबरोबर वाटेवर येतो आणि दिवाळीनंतर वाळला की मोकळा होऊन बुटाखाली फिरायला लागतो. पावसात इथे चिकटून चालता येतं. नोव्हेंबरात नाही. म्हणून घसाऱ्याचा सराव नोव्हेंबरातच करावा लागतो, आणि शर्यतही कोरड्या दिवसांतच असते.

अंधारात उतरायची एक युक्ती सांगते, फुकट. हेडलॅम्प कपाळावर बांधला की उजेड डोळ्यांच्याच रेषेतून पडतो, दगडांच्या सावल्या दगडांमागे लपतात आणि सगळी वाट सपाट दिसते. तोच दिवा कमरेला बांधा. उजेड खालून, तिरका येतो आणि प्रत्येक खड्याला सावली फुटते. कुठे पाय ठेवायचा ते सावली सांगते. मी हल्ली दिवा पट्ट्यावर अडकवते. भाच्याच्या मते मी त्यात रेल्वेच्या गार्डासारखी दिसते. दिसू दे.

तो पुढे होता. चढावर दिसेनासा व्हायचा आणि खिंडीच्या अलीकडे गाठ पडायची, कारण उतारावर तो उड्या मारत जायचा, मग एका जागी कचकन थांबायचा, मग पुन्हा उड्या. मी चालत्या गतीनंच उतरायचे आणि तरी फार मागे नसायचे. मी काही बोलले नाही. वीस वर्षांच्या मुलाला अंधारात उपदेश केला तर तो फक्त वेग वाढवतो.

उजाडायच्या सुमाराला एका टेकडीच्या माथ्यावर बसलो, कारण कुसळं असह्य झाली होती. ज्यांना माहीत नाहीत त्यांच्यासाठी: पावसाळ्यात कमरेएवढं वाढलेलं गवत आता पिवळं झालंय आणि त्याचं बी म्हणजे कुसळ. टोकाला सुई, सुईवर मागे वळलेले केस आणि मागे लांबलचक, पीळ पडलेली शेपटी. दवानं ओलं झालं की शेपटीचा पीळ सुटतो, वाळलं की परत बसतो. या फिरण्यानं बी मातीत स्वतःला स्क्रूसारखं पिळत नेतं. मातीच्या जागी माझा मोजा असला तरी त्याला काही फरक पडत नाही. बाहेरून ओढलं तर शेपटी हातात येते आणि सुई आत राहते. मोजा काढून उलटा करायचा, आतून टोक पकडायचं आणि ज्या दिशेनं ते आत आलं त्याच दिशेनं पुढे ओढून काढायचं. दोन्ही मोजे, दव पडलेलं गवत, बोटं गारठलेली. शेवटी पायावर लाल ठिपक्यांची नक्षी. भाचा आखूड मोज्यांत आला होता, त्याची तर दयाच आली. गेटर, म्हणजे बुटावरून पोटरीवर चढवायचं कापडी आवरण, घालून या, एवढंच सांगेन. नसतील तर जुन्या फुलबाहीच्या टीशर्टच्या बाह्या कापून पोटरीवर चढवा, चालतं.

खाण्याचं थोडं. लांब पळण्याचा निम्मा सराव पोटाचा असतो. मी दर अर्ध्या तासाला काहीतरी तोंडात टाकते, भूक असो नसो. राजगिऱ्याच्या छोट्या लाडवाचा अर्धा, मग बिया काढलेला खजूर, मग मीठ-जिरेपूड लावलेला उकडलेला बटाटा. बटाटा छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, कोपरा कापून पिळून खायचा. पळणाऱ्यांसाठी पुडीत मिळणारी गोड एनर्जी जेल माझ्याकडून होत नाहीत, दोनानंतर मळमळतं. पाण्यात ओआरएस. पण इथे लोकांचा एक गोड गैरसमज असतो की ओआरएस प्यायलो म्हणजे ताकद आली. पुडीच्या मागे वाचा. एका लिटरच्या पुडीत ग्लुकोज १३.५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम ५४ कॅलरी. ते ग्लुकोज तुमचं पोट भरायला नसतंच, मीठ आणि पाणी आतड्यातून आत ओढून न्यायला असतं. तीन-चार तास चालणाऱ्या कामात तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं तरी पोटात जायला हवीत. ती लाडवातून, बटाट्यातून, केळ्यातून जातात. आणि उलट बाजूनं, नुसतं साधं पाणी ढसाढसा पीत राहणंही धोक्याचं, रक्तातलं मीठ पातळ होतं. धारेवर पाणी नाही. दोन लिटर बोगद्यापासूनच पाठीवर घ्यावं लागतं आणि गडापर्यंत पुरवावं लागतं. आम्ही पुरवलं.

धार संपून सिंहगडाच्या घाटरस्त्याला लागलो तेव्हा ऊन पडलं होतं आणि रविवारच्या गाड्यांची रांगही लागली होती. डांबरावरून पळणं मला एरवी कंटाळवाणं वाटतं, पण अडकलेल्या गाड्यांच्या शेजारून पळण्यात एक हलकट सुख आहे. एका गाडीतून एका लहान मुलानं आम्हाला बघून टाळ्या वाजवल्या. त्याच्या बाबांनी काच वर केली.

गडावर मडक्यातलं दही. एक मी, दोन भाच्यानं. देवटाक्याकडे जायचा मोह टाळला, कारण तिथल्या सावलीत एकदा बसलं की उठणं होत नाही. बुटांच्या नाड्या सोडून परत बांधल्या. हे मी दर मोठ्या उताराआधी करते: टाच मागे ठोकून बसवायची, वरचं शेवटचं भोक वापरून घोट्यापाशी घट्ट आवळायचं, पंजाला मात्र सैल ठेवायचं. नाहीतर पाऊल बुटात पुढे सरकतं, अंगठा टोकावर आपटत राहतो आणि आठवड्यानं नख काळं होऊन निघून जातं. शर्यतीच्या तीन-चार दिवस आधी नखं कापणं हेही त्याच खात्यात. आदल्या रात्री कापू नयेत, टोचतात.

पुणे दरवाजातून खाली निघालो आणि पहिल्याच वळणावर भाचा गायब. आतकरवाडीची वाट तीन किलोमीटरच्या आत साधारण ६०० मीटर खाली जाते. इतक्या उभ्या वाटेवर रविवारी सकाळी चढणारे शेकडो लोक, म्हणजे उतरणाऱ्यानं दर दहा पावलांना बाजूला व्हायचं. "एक्स्क्यूज मी" म्हणत धडधडत येणाऱ्या पोरांना चढणारे लोक शिव्या घालतात, आणि बरोबरच करतात. चढणाऱ्याला वाट द्यायची, हा डोंगरातला जुना रिवाज आहे.

मी माझ्या मतानं नीट उतरत होते. गुडघे किंचित वाकलेले, पावलं आखूड आणि भराभर, नजर तीन-चार पावलं पुढे, हात कोपरातून बाहेर. मधल्या टप्प्यावर मला एका बाईनं मागे टाकलं. वय साठीच्या आसपास, नऊवारीचा काष्टा, पायात रबरी चप्पल, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर रिकाम्या मडक्यांची पाटी. एक हात पाटीला, दुसरा मोकळा. पळत नव्हती. पण माझ्यापेक्षा वेगानं खाली जात होती, आणि पाटी हलत नव्हती.

मी मागे लागले. जरा सपाटी आल्यावर बोलणं झालं. रविवारी दह्याच्या दोन खेपा होतात, म्हणाली. सकाळची संपली, आता दुसरी आणायला खाली.

"आज्जी, तुमचा पाय घसरत नाही का हो या मुरमात?"

"घसरतो की."

"मग?"

"घसरू द्यायचा थोडा. तो जातो तितका जातो आन् थांबतो. तुमी लोक त्याला धरून ठिवता, मंग पडता."

एवढं बोलून ती परत चालू लागली. मी पुढची दहा मिनिटं तिच्या पायांवर नजर ठेवून उतरले. ती पाऊल दगडावर ठेवतच नव्हती, शक्य असेल तिथे दगडाच्या मागे, मातीत ठेवत होती. पाऊल सरळ नाही, किंचित आडवं. टाच आधी नाही, सगळा तळवा एकदम. पाऊल चार बोटं घसरायचं, ती त्याला घसरू द्यायची आणि ते थांबायच्या आतच दुसरं पाऊल पडलेलं असायचं. म्हणजे कुठल्याच एका पावलावर तिचं पूर्ण वजन थांबून राहत नव्हतं. उंच पायरी आली की उडी नाही. बाजूनं दोन छोट्या पायऱ्या शोधायची, नसतील तर अंग आडवं करून एक पाय खाली सोडायची. मी व्हिडिओ बघून बघून जे आखूड पावलांचं गणित जमवलंय, ते तिला डोक्यावरच्या ओझ्यानं शिकवलं असणार. धक्का बसला की मडकं फुटतं. मी तिला म्हटलं की तुम्ही शर्यतीत आलात तर आमचं काही खरं नाही. तिनं विचारलं, बक्षीस किती. मी सांगितलं की पोचलं की मेडल देतात, आणि नाव घालायला आपणच पैसे भरायचे. त्यावर तिनं वळून माझ्याकडे नीट बघितलं, पहिल्यांदाच. मग पायथ्याची घरं आली आणि ती वळली.

भाचा खाली लिंबू सरबत पीत बसला होता. वीस मिनिटांच्या आत उतरला होता, मला तीस लागली. "कसली वाट आहे मावशी, मस्त!" म्हणाला. मांड्या चोळत होता, पण स्वतःच्या नकळत.

दुसरा चढ मी मुद्दाम सगळा चालत केला. हात मांड्यांवर, पाठ थोडी वाकलेली, श्वास ताब्यात. शर्यतीतही मी सगळे चढ चालतच चढणार आहे. माझ्या वेगाच्या माणसानं उभ्या चढावर पळणं म्हणजे दोन मिनिटं वाचवण्यासाठी अर्धा तास गहाण टाकणं. भाचा या वेळी माझ्या मागे होता. काही बोलत नव्हता. अर्ध्यावर थांबून त्यानं विचारलं, "अजून काही खायला आहे?" बटाटा दिला. त्यानं आधी त्या पिशवीकडे आणि मग माझ्याकडे बघितलं आणि पिळून खाल्ला. वर पोचल्यावर ताक, मीठ जास्त घालून.

आणि मग दुसरा उतार, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. ऊन डोक्यावर, पायांत पंचवीसेक किलोमीटर, वाटेवरचा मुरूम लोकांच्या पायांनी आणखी सुटलेला. पहिल्या शंभर पावलांतच मला मांड्या थरथरताना जाणवल्या. वेदना नाही, थरथर. या क्षणी शरीर आपोआप टाच रोवायला लागतं, कारण त्याला भीती वाटते. आणि टाच रोवली की थरथर वाढते. मी मोठ्यानं मोजायला सुरुवात केली, एक-दोन-तीन-चार, एक-दोन-तीन-चार, पावलं आखूड राहावीत म्हणून. चढणारे लोक बघत होते. घसरला पाय की घसरू दिला. एकदा जरा जास्तच गेला, बसले, उठले, तळहाताला खरचटलं. पण बाकी वाट मला आवडायला लागली होती. शेवटच्या टप्प्यात तर मी मोजणं विसरले. खाली आले तेव्हा घड्याळात पहिल्या उतारापेक्षा दोन-तीन मिनिटंच जास्त होती.

भाच्याला चाळीसच्या वर लागली. शेवटची पाव वाट तो आडवा उतरला, एका हातानं दगड धरत, खेकड्याच्या चालीनं. खाली येऊन पारावर बसला आणि बराच वेळ गुडघ्यांकडे बघत राहिला.

"मावशी, हे पाय माझे नाहीत."

"तुझेच आहेत. ओळख आज झाली."

"पण दम तर अजिबात लागला नाही!"

"तेच तर."

पीएमपीच्या बसमध्ये चढताना त्याला दांडा धरून स्वतःला वर ओढून घ्यावं लागलं आणि उतरताना मागच्या काकांनी त्याला हात दिला. धनकवडीत आमच्या घरी दुसरा मजला. जिना चढला बापडा पटकन. आंघोळ, वरण-भात, झोप. संध्याकाळी निघताना जिन्याच्या वरच्या पायरीवर तो एक क्षण थांबला, मग पाठमोरा झाला आणि कठडा धरून उलटा उतरला. नवरा दारात उभा राहून बघत होता. "यासाठी बारसं बुडवलंस?" म्हणाला.

मी पतसंस्थेत कॅशला बसते. सोमवारी दिवसभर खुर्ची होती म्हणून निभावलं. मंगळवारी मांड्या सर्वांत जास्त ठणकल्या, बुधवारी संध्याकाळपर्यंत ओसरल्या. गेल्या वर्षी अशाच एका लांब उतारानंतर शुक्रवारपर्यंत मी पर्वतीच्या बाजूला फिरकले नव्हते. यंदा गुरुवारी गेले. मला त्या १०३ पायऱ्या आवडतात. सगळे चढायला जातात, घाम पुसत वर बसतात. मी वर जाते ती उतरायला, आणि रुंद, थोड्या कलत्या पायऱ्यांवर सबंध तळवा टेकवून, न थांबता खाली यायचा सराव करते. रोज येणारे एक आजोबा मला मागे म्हणाले होते, "बाई, गुडघे जातील." गुडघ्यांसाठीच करतेय, हे त्यांना पटलं नाही. त्यांचं वय बघता मी वाद घातला नाही. शिवाय ते स्वतः फार सुंदर उतरतात.

आता इथून शर्यतीपर्यंत मोठा उतार नाही. पळणं आठवड्या-आठवड्याला कमी करत न्यायचं, मांड्यांना भरून येऊ द्यायचं. फक्त एक काम राहिलंय. राजगड ते तोरणा ही वाट मला दिवसाउजेडी एकदा चालत बघायचीय: संजीवनी माचीच्या टोकाकडून अळू दरवाजानं खाली, मग धारेनं, मग बुधला माचीकडचा शेवटचा चढ. अळू दरवाजाखालचा घसारा किती सुटलाय आणि कुठल्या बाजूनं पाऊल धरतं, ते बघून ठेवलं की शर्यतीच्या दिवशी डोकं शांत राहतं. घाई नाही, टायमिंग नाही, काठी घेऊन. धारेवर पाण्याचा भरवसा नाही, दोन लिटर माणशी. भाचा येतो म्हणालाय, लांब मोज्यांत.

नवऱ्याला सांगितलंय, दुपारी गाडी घेऊन वेल्ह्यात ये, आम्ही तोरण्यावरून तिथेच उतरू. त्यानं एवढंच विचारलं की वेल्ह्यात जेवायला बरं कुठे मिळतं.